पेशींच्या अंगावरची साखर: मूलपेशींना ती कशाला लागते?

फळा_खडू
मंडळी, मी शाळेत विज्ञान शिकवतो. पेशीपटलाची आकृती काढताना दोन थर काढतो, मध्ये प्रथिनांचे गोळे आणि बाहेरच्या बाजूला शेपट्यांसारख्या षटकोनांच्या बारीक माळा. त्या माळांना 'शर्करा' असं नाव दिलं की पुढच्या धड्याकडे वळतो. गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "सर, ही साखर बाहेर का? खायची तर आत हवी ना?" मी "पेशींना एकमेकींची ओळख पटावी म्हणून" असं काहीतरी ठोकून दिलं. घरी येऊन वाचायला बसलो आणि गाडी थेट मूलपेशींपर्यंत गेली. मूलपेशी वाढत राहणार, की बदलून स्नायू, चेतापेशी वगैरे होणार, यात या साखरेचा हात असतो म्हणे. कसा, ते काही डोक्यात शिरलं नाही.

तर प्रश्न असा: ही साखर म्हणजे पेशीच्या गळ्यातलं ओळखपत्र, की ती खरंच काही काम करते?

वाचनमात्र
वाचतोय.

टवाळ
माझी साखर पेशीच्या बाहेरच आहे, आत जायचं नावच घेत नाही. डॉक्टर म्हणतात गोळी घ्या.

अनुस्वार
'मूलपेशी' की 'मूळपेशी'? मूल म्हणजे लेकरूही. वाचणारा गोंधळतो.

टवाळ
@अनुस्वार, इथे दोन्ही अर्थ बसतात की! सगळ्यांचं मूळ, आणि स्वतः अजून मूलच.

शंकासुर
ओळखपत्रच. या क्षेत्रातली सगळ्यात गाजलेली साखर घ्या. १९७८ मध्ये सॉल्टर आणि नोल्स यांनी उंदराच्या गर्भकर्करोगाच्या पेशी उंदरांना टोचून प्रतिपिंड मिळवलं. ते गर्भाच्या ठरावीक टप्प्यातल्या पेशींनाच चिकटायचं, म्हणून ज्याला ते चिकटतं त्या खुणेचं नाव पडलं एसएसईए-१. पुढे कळलं की ती खूण प्रथिन नाहीच, साखरेची एक छोटी फांदी आहे, 'लुईस एक्स' नावाची. तेव्हापासून मूलपेशी ओळखायला साखरच वापरतात. उंदराच्या मूलपेशीवर एसएसईए-१, माणसाच्या मूलपेशीवर एसएसईए-३ आणि ४. गंमत म्हणजे माणसाची मूलपेशी बदलायला लागली की ४ जातं आणि १ येतं, उंदरात १ होतं तेच जातं. उलटसुलट. जी गोष्ट दोन सस्तन प्राण्यांत उलटी असूनही दोघांचं व्यवस्थित चालतं, ती कामाची कशी?

आणि हा तर्काचा खेळ नाही. २००७ मध्ये माणसाच्या मूलपेशींवरून एसएसईए-३ आणि ४ या साखरा औषधाने जवळजवळ काढून टाकून पाहिल्या. पेशी मूलपेशीच राहिल्या. गळ्यातलं कार्ड काढलं म्हणून माणूस नोकरीवरून जात नाही.

सूक्ष्मदर्शी
शंकासुर, कार्ड हरवलं तर माणूस नोकरीवरून जात नाही खरं, पण गेटवरचा रखवालदार आत सोडत नाही. माझंच उदाहरण देतो. नवीन होतो. माणसाच्या मूलपेशींची प्लेट एसएसईए-४ साठी रंगवायची होती. शेजारच्या टेबलावरच्या पद्धतीप्रमाणे मीही पेशी मिथेनॉलने पक्क्या केल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तर मिट्ट काळोख. केंद्रकं निळी, टपोरी, एकमेकांना खेटून, अगदी मूलपेशींच्या वसाहतीसारखी, आणि हिरवा रंग औषधालाही नाही. दोन महिन्यांच्या पेशी वाया गेल्या असं समजून मी तोंड पाडून बसलो.

मग कोणीतरी सांगितलं. एसएसईए-४ ही साखर मेदाच्या शेपटीवर बसलेली असते. मिथेनॉलने मेद विरघळतो, साखर शेपटीसकट धुऊन जाते. पेशी धडधाकट होत्या, मीच त्यांचं कार्ड धुतलं होतं. त्यानंतर फॉर्मॅल्डिहाइड, आणि साबणासारखी द्रव्यं लांब.

टवाळ
म्हणजे तुम्ही साखर धुऊन टाकली आणि नंतर गोडी शोधत बसलात.

प्रयोगवेडी
शंकासुर, तुमचं एसएसईए-४ बद्दल सगळं मान्य. पण एका साखरेवरून सगळ्या साखरांचा निकाल लावताय. पेशीच्या अंगावर साखरा तीन तऱ्हांनी बसतात: मेदावर, प्रथिनांवर छोट्या फांद्या म्हणून, आणि प्रथिनांवरच लांबच लांब दोऱ्या म्हणून. तुम्ही पहिल्या तऱ्हेबद्दल बोलताय. काम करणारी साखर प्रामुख्याने तिसऱ्या तऱ्हेत आहे. तिचं नाव हेपरान सल्फेट. दोन साखरांची जोडी पुन्हा पुन्हा जोडून झालेली दोरी, आणि तिच्यावर जागोजागी गंधकाचे, म्हणजे सल्फेटचे, गट टाचलेले. हे टाचे कुठे आहेत यावर सगळी मदार.

फळा_खडू सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारे रेणू बाहेरून येतात. त्यातला एक एफजीएफ-२. पूर्वी समज असा की एफजीएफ येतो, पेशीवरच्या ग्राहीत बसतो, निरोप आत जातो. कुलूप आणि किल्ली. १९९१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की एवढ्याने कुलूप उघडत नाही. एका गटाने हेपरान सल्फेट बनवता न येणाऱ्या पेशी घेतल्या. ग्राही होता, एफजीएफ होता, तरी तो नीट चिकटेना. बाहेरून हेपरिन घातलं, चिकटला. दुसऱ्या गटाने क्लोरेट वापरून दोरीवरचे सल्फेटचे टाचेच बसू दिले नाहीत. तंतुपेशींची वाढ थांबली. आणि स्नायूंच्या कोवळ्या पेशी, ज्यांना एफजीएफ 'अजून स्नायू होऊ नका' म्हणून थोपवून धरतो, त्या एफजीएफ समोर असूनही स्नायू व्हायला लागल्या. निरोप दारात उभा, ऐकायला कोणी नाही.

२००० मध्ये स्फटिकांच्या अभ्यासातून दिसलं की साखरेची दोरी एफजीएफ आणि त्याचा ग्राही या दोघांना एकदम धरते. दोन गटांची चित्रं तपशिलात जुळत नाहीत: एकात सममिती आहे आणि साखरेच्या दोन दोऱ्या, दुसऱ्यात एकच. पण साखर मधोमध आहे, यावर दोघांचं एकमत.

मध्यस्थ समजा. दोन्ही पक्ष एकाच मांडवात आहेत, पण मध्यस्थ नसेल तर ओळख होणार कशी?

वाचनमात्र
मध्यस्थ आवडला.

रक्तबंबाळ
प्रयोगवेडी ताईंनी हेपरिनचं नाव घेतलं म्हणून थोडं थांबवतो. सामान्य वाचकाला हेपरिन म्हणजे रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं इंजेक्शन. तेच हे. हेपरान सल्फेटचंच सख्खं भावंड, फक्त सल्फेट भरगच्च. हेपरिन सापडलं १९१६ मध्ये, आणि आजही ते मुख्यतः डुकराच्या आतड्यांतून काढतात. रक्त पातळ करणारी ती वस्तू प्रयोगशाळेत मूलपेशी वाढवायला वापरतात, हे मला स्वतःला नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं.

प्रयोगवेडी
@रक्तबंबाळ, मला ते हात पोळून कळलं. :) चेतामूलपेशी तरंगत्या वाढवत होतो. त्यांचे गोल गोल पुंजके होतात, फ्लास्क उजेडात धरला तर साध्या डोळ्यांनाही कण दिसतात. माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, मी नव्याने बनवलं. हेपरिनची कुपी संपली होती. मी म्हटलं, इथे रक्त नाही, गोठायचं काही नाही, हेपरिन हवंय कशाला? एफजीएफ-२ तर पुरेसा घातलाय.

चार दिवसांनी फ्लास्क हलवून बघते तर जुन्या फ्लास्कात टाचणीच्या डोक्याएवढे पुंजके आणि माझ्यात नुसता धुरळा. आमच्या बाईंनी फ्लास्क वर धरला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "हेपरिन?" बास.

एफजीएफ-२ मुळात नाजूक. शरीराच्या तापमानाला माध्यमात एक दिवससुद्धा धड टिकत नाही. हेपरिन त्याला धरून ठेवतं, मोडू देत नाही, आणि ग्राहीशी गाठही घालून देतं. शरीरात हे काम पेशीची स्वतःची साखर करते.

सायली_२
मला यातलं फार कळत नाही, पण विचारते. माझ्या सासूबाईंना एकाने 'पेशींची साखर' म्हणून डबे विकले. आठ प्रकारच्या साखरा आहेत, त्या खाल्ल्या की मूलपेशी जागृत होतात, गुडघे बरे होतात. वर्षभर घेतलं. गुडघे आहेत तसेच. ते म्हणे विज्ञान आहे. हेच का ते विज्ञान?

शंकासुर
नाही. पेशी स्वतःला लागणाऱ्या साखरा बहुतांशी ग्लुकोजपासून घरच्या घरी बनवते. जोडकाम गॉल्जी नावाच्या आतल्या कारखान्यात होतं. तोंडाने साखर खाऊन विशिष्ट पेशीवर विशिष्ट माळ बसवता येत नाही. विकणाऱ्यांच्या जिभेवर साखर असते, डब्यात भुसा.

रक्तबंबाळ
सायलीताई, शंकासुर यांचं बरोबर आहे, डबे बंद करा. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

तरी एक अपवाद नोंदवतो, नाहीतर उद्या कोणी अर्धवट वाचून येईल. काही दुर्मीळ जन्मजात आजारांत साखर जोडण्याच्या साखळीतली एखादी पायरीच तुटलेली असते. त्यातल्या एका आजारात तोंडाने मॅनोज दिलं की रुग्ण खरोखर सुधारतो. दुसऱ्या एकात फ्युकोज ही साखर गॉल्जीत पोचत नाही, काही मुलांना फ्युकोज देऊन फायदा झालाय. ही मुलं वारंवार जंतुसंसर्गाने आजारी पडतात, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशींवर रक्तवाहिनीच्या भिंतीला धरायची साखर नसते. पेशी प्रवाहात वाहत राहतात, उतरतच नाहीत. आणि या मुलांचा रक्तगट निघतो 'बाँबे'.

निवृत्त_तंत्रज्ञ
बाँबे गट आला म्हणून लिहितो, एरवी मी वाचूनच जातो. आयुष्य रक्तपेढीत गेलं. लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट सांगितले, तेव्हा ते साखरेचे आहेत हे कोणाला ठाऊक नव्हतं. ए गटवाल्याच्या तांबड्या पेशीवर टोकाला एक साखर जास्त, बी गटवाल्याला दुसरी, ओ गटवाल्याला दोन्ही नाहीत, फक्त पाया. त्या पायाला 'एच' म्हणतात. आणि १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी अशी माणसं दाखवली ज्यांना पायासुद्धा नाही. तपासात ओ दिसतात, पण ओ रक्त दिलं तर घात. माणसं एरवी ठणठणीत.

त्यामुळे माझं मत शंकासुर यांच्याकडे झुकतं. साखर नसली तरी गडी ठीक असतो.

शंकासुर
काका, धन्यवाद. एक मत पडलं.

रक्तबंबाळ
काका, तांबडी पेशी म्हणजे वाढ संपलेली, केंद्रक टाकून दिलेली पेशी. तिने साखर गमावली तर तिचं काय बिघडणार? मूलपेशीचं आयुष्य अजून पुढे आहे. अस्थिमज्जेतल्या रक्तमूलपेशी घ्या. प्रत्यारोपणात आपण त्या शिरेतून सोडतो. त्या स्वतः शोधत हाडात जातात. मज्जेतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर ई-सिलेक्टिन नावाचं प्रथिन असतं, ते पेशीवरच्या फ्युकोज असलेल्या साखरेला पकडतं. पेशी गडगडत मंदावते, थांबते, आत शिरते. पत्ता साखरेत लिहिलेला.

नाळेच्या रक्तातल्या मूलपेशींवर हे फ्युकोज कमी असतं, म्हणून त्या रुजायला वेळ लावतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२ रुग्णांना दिलेल्या नाळरक्ताच्या पेशींवर आधी विकराने फ्युकोज चढवलं होतं. पांढऱ्या पेशी वर यायला मध्यक १७ दिवस लागले, आधीच्या रुग्णांत २६ लागले होते. तुलना जुन्या रुग्णांशी आहे, शेजारी शेजारी चिठ्ठ्या टाकून केलेली नाही, त्यामुळे नाचू नये. पण ज्याने पांढऱ्या पेशींची वाट बघत रुग्णाच्या खोलीबाहेर दिवस मोजलेत त्याला नऊ दिवस म्हणजे काय ते कळतं.

आणि वाढीचा मुद्दा: हेच ई-सिलेक्टिन रक्तमूलपेशींना विभाजनालाही ढकलतं. ज्या उंदरांत ते नाही, त्यांच्या मूलपेशी जास्त निवांत झोपलेल्या असतात. २०१२ चं काम आहे हे.

अनुस्वार
'विकर' वाचून बरं वाटलं. नाहीतर सगळे एन्झाइम एन्झाइम करतात.

सूक्ष्मदर्शी
पत्ता चुकीचा लिहिला जाण्याचाही एक किस्सा आहे. सिअ‍ॅलिक आम्ल ही पेशीच्या माळांची टोकाची साखर. बहुतेक सस्तन प्राण्यांत तिचे दोन प्रकार असतात. माणसात त्यातला एक बनवणारं जनुक सुमारे २० ते ३० लाख वर्षांपूर्वी मोडलं. पण माणसाच्या मूलपेशी जनावरांच्या रक्तद्रवात आणि उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवल्या की त्या ती परकी साखर उचलून स्वतःच्या अंगावर लावतात. २००५ मध्ये हे दाखवलं गेलं. आणि आपल्या रक्तात त्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं असतात! म्हणजे पेशी माणसाची, अंगरखा जनावराचा, आणि आपलंच शरीर तिला परकी समजणार. जनावराचा अंश नसलेली माध्यमं लागतात त्यामागे हेही एक कारण.

टवाळ
उसनी साखर अंगावर घेऊन मिरवणारी पेशी. अशी एक काकू आमच्या नात्यात आहे.

शंकासुर
पत्ता, अंगरखा, कार्ड. सगळी उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. वाढीबद्दल बोला. प्रयोगवेडी, तुमच्या हेपरान सल्फेटशिवाय मूलपेशी मरते का? नाही ना?

प्रयोगवेडी
मरत नाही. आणि मला वाटतं खरी मजा इथेच आहे.

ही दोरी विणायला 'एक्स्ट-१' नावाचं विकर लागतं. ते जनुक काढलेला उंदराचा गर्भ शरीराचे थर पडण्याच्या सुमाराला मरतो. पण तेच जनुक नसलेल्या गर्भमूलपेशी प्लेटमध्ये ठेवल्या तर मजेत विभागत राहतात. फक्त त्या मोठ्या होत नाहीत. 'आता बदला' असं सांगितलं तरी मूलपेशीच राहतात. कारण उंदरात बदलायचा निरोप आणतो एफजीएफ-४, आणि तो ऐकायला साखर लागते. माध्यमात हेपरिन घाला, की पेशी वाट धरतात.

म्हणजे सर, तिथे साखर वाढवत नाही, वयात आणते.

फळा_खडू
पण मी वाचलं की माणसाच्या मूलपेशींना मूलपेशी ठेवायलाच एफजीएफ-२ घालतात. मग त्याच साखरेने एकीकडे बदल आणि दुसरीकडे जैसे थे?

प्रयोगवेडी
हो! उंदराच्या मूलपेशी १९८१ पासून वाढवतात, पुढे त्यांना लिफ नावाचा रेणू पुरतो असं कळलं. माणसाच्या १९९८ मध्ये आल्या आणि त्यांना एफजीएफ-२ लागला. प्लेटमधल्या माणसाच्या मूलपेशी गर्भाच्या थोड्या पुढच्या टप्प्यासारख्या असतात, त्यामुळे तोच निरोप त्या वेगळा समजतात. साखर निरोपाचा अर्थ ठरवत नाही. निरोप किती जोरात ऐकू येणार ते ठरवते.

शंकासुर
बरं, पण मग २००८ च्या जपानी गटाच्या कामाचं काय? त्यांनी उंदराच्याच मूलपेशींत एक्स्ट-१ दाबलं तर पेशींची वाढ कमी झाली आणि त्या मूलपेशीपण सोडायला लागल्या. त्यांनी दोष डब्ल्यूएनटी नावाच्या दुसऱ्याच निरोपाला दिला. तुमची गोष्ट बरोबर उलटी.

प्रयोगवेडी
चांगला पकडलात. माझं मत असं की जनुक मुळातून काढणं आणि असलेलं दाबणं एक नव्हे. जन्मापासून साखर नसलेली पेशी त्यातून निभावायला शिकलेली असते. अचानक साखर कमी झालेली गडबडते. आणि दोरी फक्त एफजीएफला धरत नाही, डब्ल्यूएनटी आणि बीएमपीसारख्या इतरांनाही धरते. फळमाश्यांच्या अंडाशयात मूलपेशींच्या कोनाड्याला अशाच एका साखरधारी प्रथिनाची, डॅलीची, गरज असते, नाहीतर मूलपेशी टिकत नाहीत. कोणता निरोप आधी तुटतो त्यावर निकाल. पण हे माझं मत हं.

शंकासुर
ठीक. अर्धं माघार घेतो. एसएसईए-४ कार्ड, हेपरान सल्फेट कान.

टवाळ
शंकासुराने माघार घेतली! स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सूक्ष्मदर्शी
कार्डांना कमी लेखू नका. जपानमध्येच एका जिवाणूचं साखर ओळखणारं प्रथिन, म्हणजे लेक्टिन, सापडलं, जे माणसाच्या बहुक्षम, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या, मूलपेशींनाच धरतं. त्याला विष जोडून त्यांनी प्लेटमधल्या न बदललेल्या पेशी वेचून मारल्या. प्रत्यारोपणात अशा चुकार पेशी राहिल्या तर गाठ होऊ शकते. कार्डाचा तोही उपयोग.

फळा_खडू
धागा वर काढतोय. आज वर्गात मध्यस्थाचं उदाहरण सांगितलं. मुलांना पटलं. मग मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, प्रथिनं जनुकात लिहिलेली असतात. साखर कुठे लिहिलेली असते?" मी म्हटलं उद्या सांगतो.

प्रयोगवेडी
त्याला सांगा, कुठेच सरळ लिहिलेली नसते. जनुकात लिहिलेली असतात साखर जोडणारी, कापणारी विकरं, माणसात जोडणारीच दोनशेच्या आसपास. कोणती किती आहेत त्यावर माळ ठरते. तीन वेगवेगळी अमिनो आम्लं एका ओळीत लावायचे प्रकार सहा. तीन साखरा जोडायचे हजाराहून जास्त, कारण त्या कुठल्याही कोपऱ्यातून जोडता येतात, फांद्याही फुटतात.

आणि मूलपेशी बदलायला लागली की तिची ही विकरंही बदलतात. उंदराच्या मूलपेशीवर हेपरान सल्फेटला सल्फेटचे टाचे कमी असतात, ती चेतापेशीच्या वाटेला लागली की वाढतात. निरोप ऐकून पेशी बदलते, बदलली की साखर बदलते, साखर बदलली की पुढचे निरोप वेगळे ऐकू येतात.

फळा_खडू
तो लगेच विचारणार, मग आधी काय बदललं.

शंकासुर
त्याला इथे सदस्य करून घ्या.